सहा जण, शुक्रवार ते रविवार

सहा माणसांनी मिठाच्या सहा पुड्या आणल्या होत्या. ओट्यावर त्या एका ओळीत पाहून रंगरावांना हसू आलं.

"निंगताना एकमेकांले पुसलं नाई का?"

"नाई ना भाऊ," त्यांच्यातली म्हातारी म्हणाली. "ज्यानं त्यानं आपापलं बांधलं."

सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, रंगरावांच्या वावरात हे मातीचं घर होतं. बांबू, कवेलूंचं छप्पर, त्यावर सोलर. शिधा तुमचा, रांधायचंही तुम्हीच. भांडी राखेने घासायची, प्लास्टिक आणलं तर परत न्यायचं. सुट्टीत कुटुंबं यायची, मित्रांचे घोळके यायचे. रंगराव किल्ली द्यायचे, विहिरीवरची मोटर दाखवायचे आणि मागच्या खोलीत एकटेच आपली भाकर थापायचे.

घर त्यांच्या मुलाने, कुलदीपने बांधलेलं. ते बांधून झालं त्या वर्षी सप्त्याच्या पंगतीत रंगराव चार लोकांदेखत बोलून गेले, "माह्या वावरात यानं धर्मशाळा मांडली." कुलदीप वरण वाढत होता. त्याने बादली खाली ठेवली आणि तो पंगतीतून निघून गेला. आठवड्याने बायकोला आणि लेकीला, निशिगंधाला, घेऊन नाशिकला गेला. त्याला आता तीन वर्षं झाली होती. बुकिंग मात्र अजून तोच घ्यायचा. त्याचा मेसेज यायचा, "सहा जण. शुक्रवार ते रविवार." रंगराव लिहायचे, "बरं." बापलेकाचं बोलणं तेवढंच. आधी फोन कोणी करायचा, इथे गाडं अडलं होतं.

रंगराव टाळकरी माणूस. पंचक्रोशीत कुठेही कीर्तन असो, ते बुवांच्या मागे उभे. ज्याला देव हवा त्याने आधी वाकावं, हे त्यांनी शंभरदा ऐकलं होतं. त्यावर मान डोलावून टाळही वाजवला होता.

ही सहा जणं शुक्रवारी एकेक करून आली. कोणी बसने, कोणी मोटरसायकलवर. म्हातारी धाड गावची, तिशीचा एक पोरगा मेहकरचा, एक टकले काका, दोघी बायका आणि कॉलेजातली एक पोरगी. पांगलेलं घर दिसतं, रंगरावांना वाटलं. हल्ली सगळीकडे असंच. पण दिवस कलेपर्यंत आई, काका, ताई, दादा अशा हाका सुरू झाल्या, आणि मागच्या खोलीत रंगरावांनी अर्धी भाकर तशीच झाकून ठेवली.

शनिवारी त्यांनी कणकेचे रोडगे भाजायला लावले. पोरगा गोवऱ्यांचा विस्तव सारखा करत होता.

"आई, जराशी सरक. धूर जाऊन राह्यला तुह्या डोळ्यात."

"तू तिखट खातं का रे?" म्हातारीने वरणाला फोडणी देता देता विचारलं.

"खातो. लसूण जास्त नको टाकू."

"काऊन बे?" काका म्हणाले. "पोरगी पाहाले जाचं हाय काय?"

सगळे हसले. रंगरावांना मात्र ते लागलं. आईला पोराच्या जिभेची चव ठाऊक नाही. कुलदीप आता काय खातो, हे आपल्याला तरी कुठे ठाऊक आहे?

कॉलेजातली पोरगी त्यांना जेवायला बोलवायला आली.

"पाहुण्याचं खात नाई मी," रंगराव म्हणाले.

"मंग पाहुणे तुम्ही व्हा ना, आबा."

ते जाऊन बसले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या ताटात दुसऱ्या कोणीतरी वाढलं.

रविवारी सकाळी उरलेल्या शिध्याचा काला केला, सप्त्याच्या शेवटच्या कीर्तनात करतात तसा. ज्याच्याकडे जे उरलं ते एका परातीत. लाह्या, पोहे, दही, लोणचं.

"कोनता घास कोनाच्या घरचा," परातीत हात फिरवत रंगराव म्हणाले, "हे आता ब्रह्मदेवालेही नाई सांगता येनार."

पोराने पहिला घास म्हातारीच्या तोंडात घातला. ती तोंड फिरवून बराच वेळ तो चावत राहिली.

रंगराव उठले. लिंबाखाली जाऊन त्यांनी फोन लावला.

"बाबा?" कुलदीप घाबरला होता. "काय झालं?"

"काई नाई." त्यांनी लिंबाची एक काडी मोडली. "म्या पंगतीत बोललो होतो ना. वाईट बोललो म्या."

मग कुलदीप म्हणाला, "सोलरच्या बॅटरीत पाणी टाकता ना वेळेवर?"

"टाकतो."

"शनिवारी येऊन पाहतो मी."

"निशिगंधाले घेऊन?"

"हाव."

काला खाऊन सगळे निघाले. मेहकरच्या पोराने मोटरसायकल काढली, म्हातारीच्या पाया पडला आणि गेला. तिला धाडपर्यंत सोडून द्यायला हवं होतं, रंगरावांच्या मनात आलं. पण दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला बोला. तिची पिशवी उचलून ते तिच्यासोबत फाट्यावर आले. जीपला अजून वेळ होता.

"तुमचे उपकार हायेत, बाई," ते म्हणाले. "पोरगा तुमच्याशी कसा वागते ते पाह्यलं, आन् सकाळी म्या माह्या पोराले फोन लावला. तीन वर्षानं. शनिवारी येऊन राह्यला तो."

"लय चांगलं केलं भाऊ."

दूर धूळ उठली, जीप दिसली. तिने पिशवी हातात घेतली.

"मंग माहं एक काम करसान? आमी ज्यानं त्यानं आपापलं बुकिंग केलं, तवा साऱ्यांची नावं तुमच्या पोरानंच लिहून घेतली होती. तो आला का त्याले एवढं विचारून ठेवा. मले तीन दिवस आई म्हनला, त्या पोराचं नाव काय होतं?"