अध्यक्षांचा मान

राखीव जागेवरून सरपंच झाल्यापासून आमचे अण्णा दूरदर्शनवर लोकसभेचं कामकाज चुकवत नसत. त्यातला एक नियम त्यांनी आमच्या अख्ख्या बौद्ध वस्तीला शिकवला.

"अध्यक्ष हुबे राह्यले की बाकीच्यांनी गुमान खाली बसायचं. मग केवढाबी गोंधळ असू द्या."

"कारभारी बसंल व्हय, अण्णा?" मी हसून विचारलं. कारभारी म्हणजे आधीचा सरपंच.

"दिल्लीत बसत्यात की. त्यो काय दिल्लीपरीस मोठा हाय?"

शहाण्णव सालच्या ग्रामसभेत अण्णांनी वस्तीला नळ देण्याचा ठराव वाचायला घेतला. कारभारी कुऱ्हाड घेऊन त्यांच्या टेबलाकडे धावला. मागून त्याची आठ-दहा माणसं काठ्या घेऊन आली. त्यांना अडवायला आमची वस्ती उठली. पन्नासजण तरी असतील, मीही त्यांत होते.

तेवढ्यात अण्णा खुर्चीतून उठले आणि हात वर करून शांत उभे राहिले.

कारभारी थांबला नाही. पहिला घाव अण्णांच्या डोक्यात पडला, तेव्हा त्या दोघांच्या मध्ये कुणीच नव्हतं. आम्ही सगळे खाली बसलो होतो.