बिनमिठाची सुशीला

मंजुषा लातूरच्या एका लॅबमध्ये यंत्रांतून निघणाऱ्या रेडिओ लहरी मोजते. तिथला नियम साधा आहे. रोज सकाळी आधी एक छोटी पेटी टेबलावर ठेवायची. तिच्यातून किती लहरी निघतात, हे पक्कं माहीत असतं. मीटरवर तोच आकडा आला, तरच जागा आणि मीटर दोन्ही खरं बोलतायत असं समजायचं आणि मग बाकीची यंत्रं मोजायची.

रविवारी उदगीरहून कापड दुकानदार रुद्रेश तिला बघायला आला, तेव्हा तिनं चुरमुऱ्यांच्या सुशीलेत मुद्दाम मीठच घातलं नाही.

"लई झकास!" रुद्रेशचे मामा म्हणाले. त्याच्या आईनं तर परत वाढून घेतली. मंजुषाचे पप्पासुद्धा "हाव, मस्त झाली" म्हणून मोकळे झाले.

रुद्रेशनं एक घास खाल्ला आणि म्हणाला, "फोडणी भारी हाय, पण मीठ न्हाई."

मामांनी त्याला कोपरानं ढोसलं. मंजुषा मात्र मनातल्या मनात खूश झाली. हे मीटर खरं होतं!

दोघं बोलायला गच्चीवर गेले. त्यानं विचारलं, "माझा शर्ट कसा वाटला?"

पोपटी शर्टावर जांभळे मोर होते. एवढ्या चांगल्या पोराला कशाला दुखवायचं, म्हणून ती म्हणाली, "छान आहे की!"



रुद्रेशचा चेहरा पडला. "अवो, दुकानात ह्याला तीन वर्षांत कुणी हात लावला न्हाई. तुम्ही खरं बोलता का, ते बघायलाच घालून आलतो."