सातवा गुणाकार

दाराला आतूनही आकड्यांचं कुलूप होतं. सहा आकडे, रोज नवे, आणि एकदा जरी चुकलं तरी प्राध्यापक यशोधनचा मोबाइल वाजायचा. "तुझ्याच काळजीपोटी गं," म्हणत तो बायकोकडे पाठ करून बटणं दाबायचा. हेमांगीला दिसायचं ते फक्त त्याचं हलणारं कोपर. रविवारी मात्र ते कोपर जागचं हलत नसे.

शनिवारी जेवायला आलेल्या पाहुण्यापुढे त्याला भलताच हुरूप आला. "एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न! दोननं गुणा, तीननं गुणा, पार सहापर्यंत जा. तेच सहा अंक आतल्या आत फिरत राहतात, एकही बाहेर पडत नाही. आमचं कुलूपसुद्धा याच्याच जिवावर चालतं!"

"आणि सातनं गुणलं तर?" वाढता वाढता हेमांगीनं विचारलं.

"तू पोळ्या बघ, करपतील." दोघंही खो-खो हसले.

सोमवार ते शनिवार, एकपासून सहापर्यंत, सहा गुणाकार झाले. रविवारचा राहिलाच की! ओट्यावर सांडलेल्या पिठात तिनं बोटानं तो करून पाहिला. हातचे धरत ती डावीकडे सरकत गेली, आणि पिठात ओळीनं सहा नऊ उभे राहिले. तिनं घाईघाईनं फडकं फिरवलं.

रविवारी दुपारी मटणावर आडवा हात मारून तो घोरू लागला. चपला हातात घेऊन ती दाराशी आली आणि नऊचं बटण सहा वेळा दाबलं.

तिचंही कोपर जागचं हललं नाही. हललं ते दार.