दुसऱ्या पाळीचा माणूस

कावळा काही पिंडाला शिवेना.

चिंचवडला पवनेच्या घाटावर यशवंतराव मास्तरांचा दहावा होता. समोरच्या पिंपळावर कावळे होते, पण एकालाही भूक नव्हती. ऊन चढत चाललं, तशी जमलेली थोडी माणसं घड्याळाकडे बघायला लागली.

घोळक्यापासून लांब साहेबराव उभा होता. पिंपरीतल्या एका कंपनीच्या गेटवर तो रखवालदार. पेपरात बातमी वाचून रात्रपाळीवरून थेट आलेला, अंगावर खाकी तशीच. मास्तरांना त्याने कधी पाहिलं नव्हतं, वाचलं मात्र सगळं होतं. मास्तर मासिकात विज्ञानाच्या गोष्टी लिहायचे. घरच्यांच्या लेखी तो रिकामा उद्योग. साहेबरावाच्या खोलीवर ना बायको ना पोर. महिन्याकाठी येणारी ती गोष्ट, एवढंच त्याचं गणगोत.

शेवटची गोष्ट तर त्याला आपलीच वाटली होती. चंद्रावर दिवा राखणारा एकटा माणूस. त्याची पाळी संपते, पण सोडवायला दुसऱ्या पाळीचा माणूस येतच नाही, आणि तो आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. गोष्ट अर्धीच छापून झाली आणि मास्तर गेले.

“दादा, वहिनीला काय बी कमी पडू देणार न्हाई,” धाकट्या ज्ञानदेवाने हात जोडले. कावळे ढिम्म. “पोरीचं लगीन मी लावून देतो.” तरी ढिम्म.

शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. ते पाहून मास्तरांच्या बायकोला, शालनबाईंना, हुंदका फुटला.

“जाताना सारखं एकच विचारत होते, दुसऱ्या पाळीचा माणूस आला का? सारा जन्म शाळेत गेला, यांना कसली आली पाळी? मला वाटलं, वातात बोलतायत. मी उत्तरच दिलं नाही हो!”

साहेबरावाला चंद्रावरचा तो दिवा आठवला. म्हणजे मास्तरही तिथंच बसले होते, एकटे.

छप्पन्न साली धम्म घेतल्यापासून त्याच्या घरात कुणी पिंड ठेवला नव्हता. मास्तरांच्या गोष्टींतही असल्या कावळ्यांना थारा नव्हता. तरी तो पायऱ्या उतरला, टोपी काढली, पिंडापुढे वाकून हळूच काहीतरी बोलला आणि मागे सरला.

एक कावळा खाली आला आणि शिवला. आता त्याला भूक लागली असेल, नाहीतर आणखी काही. कावळ्याच्या मनातलं कोण सांगणार?

ज्ञानदेवाने साहेबरावाचा हात धरला. “पाव्हणं, आमी सख्खं भाऊ असून जमलं न्हाई. तुमी असं काय कबूल केलं?”

“कबूल कशाचं?” साहेबराव डोळे पुसत म्हणाला. “एवढंच म्हटलं, मास्तर, दुसऱ्या पाळीचा माणूस आलाय. आता तुम्ही घरी जा.”