चाळीस लिंका

सिस्टर सातव्या पायरीवर अडल्या.

काचेपलीकडे पुस्तिका लिहिणारी खुर्चीच्या टोकाशी सरकली. सिस्टरशी बोलायचं नाही, खुणावायचंही नाही, असा चाचणीचा नियम होता. दवाखान्यातल्या औषधसाठ्याचं नवं सॉफ्टवेअर सिस्टरनी पडद्यावरची पुस्तिका वाचून एकटीने चालवायचं. मदतीसाठी एकदा जरी हात वर झाला, तरी पुस्तिका बाद. आणि तिचं जेमतेम तीन महिन्यांचं कंत्राटही.

"मी सांगत होतो," मुख्य प्रोग्रामर कंपनीच्या साहेबांच्या कानाशी लागला. "सगळ्या लिंका पानाच्या तळाशी, रांगेत हव्या होत्या. यांनी वाक्यावाक्यात पेरून ठेवल्यात. चाळीस! आता ‘तात्पुरता साठा’ यावर कशाला हवी लिंक? शेंबड्या पोरालाही कळेल."



सिस्टरनी चष्मा वर सरकवला. ‘तात्पुरता साठा निवडा.’ पुन्हा वाचलं. ओठ हलले. मग उजवा हात टेबलावरून उचलला गेला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

हात माउसवर टेकला. निळ्या शब्दांवर टिचकी पडली. तिथल्या तिथे छोटी चौकट उघडली: ‘आलेली, पण अजून न मोजलेली औषधं.’

"अस्सं होय!" सिस्टर म्हणाल्या आणि आठव्या पायरीवर गेल्या. पुढे त्या नवव्या पायरीला घुटमळल्या, तेराव्या पायरीलाही. दोन्ही वेळा बोटाखाली निळा शब्द हजर होता. एकविसाव्या पायरीला ‘नोंद पूर्ण’ आलं, तशा त्या काचेकडे वळल्या.

"झालं? मला वाटलं, ती पुस्तिका का काय, ती वाचावी लागणार!"

साहेब खो खो हसले. प्रोग्रामर स्वतःचे बूट न्याहाळू लागला.

"पुढच्या तिन्ही पुस्तिका तुमच्याकडे," साहेब तिला म्हणाले. "पण एक सांगा. त्या नेमक्या जिथे अडल्या, तिथेच तुमची लिंक. जागा ठरवल्या कशा?"

"मी नाही ठरवल्या. मी मोठ्यानं वाचत गेले. ती जिथे ‘म्हणजे काय?’ म्हणाली, तिथे लिंक टाकली."

"वा! अशी जाणकार माणसं हवीतच आपल्याला. बोलावून घ्या त्यांना. कुठे असतात?"

"आत्ता बालवाडीत असेल, सर. साडेबाराला तिला आणायला जायचंय मला."