सहा पाण्यांचा कंद

वाटीत तीन चिंचोके होते. हेमांगीने दोनदा मोजले, तरी तिची भीती गेली नाही.

"आजचे तिन्ही टाकले ना, बाबा?"

"टाकले," सासरे रामनाथ म्हणाले आणि झोपाळ्यावर पुन्हा डोळे मिटून बसले.

उमेळ्याच्या त्यांच्या वाडीत कुंपणावर चढलेल्या रानवेलीखाली दर वर्षी कडूकंद निघे. दिसायला साधा, पण नीट न धुता खाल्ला तर माणूस उठायचा नाही. म्हणून घरचा नियम पक्का होता. कापांचं पिंप विहिरीपाशी ठेवायचं, दोन दिवस रोज तीनदा पाणी बदलायचं आणि दर पाण्याला वाटीत एक चिंचोका. सहा झाल्याशिवाय चूल पेटवायची नाही. हे काम सासूबाई जिजा आणि रामनाथ मिळून करत, तिसऱ्याला जवळ फिरकू देत नसत.

जिजाबाईंना जाऊन परवा वर्ष होणार होतं. श्राद्धाच्या पानावर कंद हवाच, असा रामनाथांनी धोशा लावला होता.

हेमांगी तेव्हापासून धास्तावली होती. तिच्या माहेरी शेजारचा एक माणूस असाच कंद खाऊन गेला होता, त्याच्या तोंडाला आलेला फेस तिने लहानपणी पाहिला होता. त्यात रामनाथांना हल्ली सगळं विसरायला होई. कपाळावरचा चष्मा घरभर शोधत. गॅस दोनदा चालू राहिला होता. लेक मीरा सहा वर्षांची, आजोबांच्या ताटातलं खाणारी. तिला काही झालं तर?

तिने नवऱ्याला सांगून पाहिलं. "तेवढं एक काम त्यांच्याकडे राहू दे," विकी म्हणाला. "बाबा जगाचं विसरतील, आईने लावलेली सवय नाही विसरायचे."

दुसऱ्या दिवशी सातिवलीच्या कारखान्यात तिचं कशात लक्ष लागेना. दुपारी तिने घरी फोन केला.

"टाकला?"

"टाकला गो. किती विचारशील?"

संध्याकाळी वाटीत सहा चिंचोके होते. हेमांगीला स्वतःची लाज वाटली. म्हातारा माणूस इतका नेमाने वागतोय आणि आपण त्याच्यावर पहारा ठेवतोय.

श्राद्धाच्या सकाळी रामनाथांनीच काप निथळून टोपलीत आणून दिले. तिने मीठ घालून उकडले, वर ओलं खोबरं पेरलं. चाखताना जीभ किंचित कडवटली. तिला सासूबाईंचं बोलणं आठवलं, "कडूपना मिठानं मरते, इख पान्यानंच जाते." हात क्षणभर थांबला. मग तिने पुन्हा वाटीकडे पाहिलं. सहा. चिमूटभर मीठ आणखी घातलं.

पान बाहेर ठेवलं. कावळा लगेच आला, भात आणि वडा घेऊन गेला. कंदाला त्याने चोच लावली नाही.

"आई रुसलीय. खोबरं कमी पडलं असेल," विकी हसला आणि सगळे जेवायला बसले. मीराने कंद दोनदा मागून घेतला. रामनाथ तिच्याकडे कौतुकाने बघत होते. आजीवर गेलीय, म्हणाले.

जेवणं झाल्यावर हेमांगीने त्यांच्या हातावर पाणी घातलं. गेल्या दोन दिवसांची भीती आता कुठे उतरली होती, म्हणून तिने मनातलं बोलून टाकलं.

"बाबा, मी उगाच तुमच्यावर संशय घेतला. दोन दिवस विहिरीचं एवढं पाणी उपसलंत, पाठ दुखत असेल ना? तेल लावून देते."

रामनाथांनी नवलाने तिच्याकडे पाहिलं.

"मी कदी उपसलं? माजं काम चिंचोक्यांचं," ते म्हणाले. "पानी जिजा बदलते."