दुपारी एक ते चार

भाजीची पिशवी घेऊन जिना चढणाऱ्या हेमाकाकू गुणगुणत होत्या, आणि ती चाल पूर्वाची होती.

पूर्वा कडेवरच्या लेकीसकट, मैत्रीसकट, कठड्याला चिकटून उभी राहिली. नीट ऐकलं. चूक होत नव्हती. तीच सुरुवात. आणि पुढे, चाल आता वर जाणार असं वाटत असतानाच ती जिथे हळूच खाली उतरते, तिथे काकूही उतरल्या. मग पूर्वाला पाहून गप्प झाल्या.

"काय, फिरायला?" म्हणाल्या, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

बिबवेवाडीतल्या त्या इमारतीत ही चाल कुणाला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पूर्वाकडे डिजिटल पियानो आला, त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरून हेमाकाकू वर आल्या होत्या. कौतुक वगैरे काही नाही. "दुपारी एक ते चार आमच्याकडे झोपतात," एवढंच सांगून गेल्या. पुढे मैत्रीचा जन्म झाला, तीही नेमकी दुपारीच झोपायची, आणि पूर्वाला वेळ मिळायचा तो तेवढाच. म्हणून ती पहिल्या दिवसापासून हेडफोन लावूनच वाजवायची. शिकवायला कुणी नव्हतं. मोबाइलवरचे व्हिडिओ थांबवत थांबवत ती शिकली. नोटेशन येत नव्हतं, तेव्हा कुठलं बोट कुठे पडतं ते मैत्रीच्या लसीकरणाच्या फाइलवर बाणांनी लिहून ठेवायची. त्या बाणांतून वर्षभरात तीन मिनिटांची एक रचना उभी राहिली. नवऱ्यालासुद्धा तिने ती अजून ऐकवली नव्हती.

ऐकली होती ती फक्त आमोदने. त्याचा सदाशिव पेठेत छोटा स्टुडिओ होता. पूर्वाने भीतभीत रचनेची ऑडिओ फाइल पाठवली, तर त्याचं लगेच उत्तर आलं: रविवारी ये, रेकॉर्ड करू. येताना सोबतचा कागद सही करून आण. कागदावर एकच वाक्य होतं. ही रचना माझी स्वतःची आहे, कुठूनही घेतलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन सर्जेराव तिच्या गॅलरीखाली गाड्या पुसत होते. शीळ वाजवत. तीच चाल.

पूर्वा खाली गेली. "मामा, हे कुठलं गाणं?"

"काय म्हाईत नाय ताई. जुनं हाय कायतरी. तोंडात बसलंय."

जुनं आहे. म्हणजे झालंच.

तिने मोबाइलला ती चाल ऐकवली. काही सापडलं नाही, पण मोबाइलला काय सगळंच ठाऊक असतं? लहानपणी आई पोळ्या लाटायची तेव्हा दिवसभर रेडिओ चालू असायचा. त्यातलं काहीतरी आत राहून गेलं असणार. तिने आईला फोन लावून चाल गुणगुणून दाखवली.

"छान आहे गं," आई म्हणाली. "कुठल्या सिनेमातलं?"

नवरा, चेतन, जिल्हा परिषदेत नोकरीला. सहीचा कागद समोर आला की तो वेगळाच माणूस व्हायचा. त्याने ते एक वाक्य तीनदा वाचलं.

"दोन परक्या माणसांना येतंय म्हणजे कुठेतरी असणारच ना ते. तू मुद्दाम केलं नाहीस, मान्य. पण सही करू नकोस."

"म्हणजे मी चोरलंय असंच ना?"

"मी तसं म्हटलं का?" तो म्हणाला, आणि मैत्रीला वरणभात भरवायला लागला.

म्हटलं नव्हतं. नाही असंही म्हटलं नव्हतं.

सोमवारपासून पूर्वाने पियानो उघडला नाही. त्याच्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग साठला. आमोदला फोन करून तिने अजून नक्की नाही म्हणून सांगितलं. "शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळव," तो म्हणाला, "नाहीतर रविवार दुसऱ्या कुणाला तरी देतो."

दुपारी ती मैत्रीशेजारी नुसती पडून राहायची. झोपेत मैत्रीच्या मुठी उघडायच्या, मिटायच्या. ही मोठी झाली की तिला कधीतरी ऐकवायचं आणि म्हणायचं, हे तुझ्या आईचं आहे. सगळ्या खटाटोपातून पूर्वाला हवं होतं ते एवढंच. आता तेही म्हणता येणार नव्हतं. जे आपण बसून, वेचून, एकेका बोटाने जमवलं ते आपलं नाहीच, हे तिने जवळजवळ मान्य केलं होतं.

शुक्रवारी दुपारी अडीचला बेल वाजली. दारात हेमाकाकू. गाऊनवर ओढणी, कपाळाला आठ्या.

"बरं नाही का तुम्हाला?"

"बरी आहे की. का हो?"

"मग पाच दिवस बंद का आहे?" सूर तक्रारीचाच होता. "ह्यांचं बायपास झाल्यापासून दुपारचा डोळा लागत नव्हता. तुमच्या त्या गाण्यावर लागायला लागला होता. आता पाच दिवस छताकडे बघत पडलेत आणि दर अर्ध्या तासाने चहा मागतायत. मी काय टपरी उघडलीय?"

"कुठल्या गाण्यावर, काकू?"

काकूंनी दारातच दोन ओळी गुणगुणल्या. तीच चाल.

"हे तुम्ही कुठे ऐकलंत?"

"कुठे म्हणजे? तुमच्याकडेच. वर्ष झालं ऐकतोय."

"पण काकू, मी हेडफोन लावून वाजवते. आवाज बाहेर येतच नाही."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, बेरीज चुकलेल्या मुलीकडे बाई बघतात तसं.

"पेटीचा नाही येत," त्या म्हणाल्या. "तुमचा येतो."